थंड खातं आणि एक नग तार

हे लिहायची मला हौस नाही. निवृत्त कामगार मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे आमचा पवार, तीनदा घरी येऊन चहा ढोसून गेला. म्हणाला, "नाना, अंकाला तुमचा लेख पाहिजेच. विषय मी काढलाय." विषय काय, तर 'उद्योगातील माहिती तंत्रज्ञानाचे नियोजन व नवे प्रवाह'. मी चौथी पास. भोसरीच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये, नटबोल्ट मोजण्यात माझा जन्म गेला. पण आम्ही म्हातारे चहाला जमलो की कॉम्प्युटरचेच किस्से निघतात, आणि सांगणारा दर वेळी त्यात पदरचं घालतो. परवा तर एकानं माझाच किस्सा मला सांगितला, तोही चुकीचा. म्हणून बसलोय लिहायला. शुद्धलेखन पवारनं बघावं, चहा त्यानं प्यालाय.

* * *

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर यायच्या आधी त्याचा एसी आला.

तोवर कंपनीत मोठ्या साहेबांच्या केबिनलासुद्धा नुसता पंखा होता. मशीनसाठी काचेची खोली बांधली, त्यात गारवा सोडला, आणि पुण्याहून टाय लावलेले सबनीस साहेब आले. मुंबईला सहा महिने शिकून आले होते. त्यांच्या खात्याचं नाव ई.डी.पी., म्हणजे मशीनवर हिशेब करायचं खातं. आम्ही म्हणायचो थंड खातं.

पहिल्या दिवशी सबनीस साहेबांनी सगळ्यांना काचेबाहेर उभं करून सांगितलं, की या मशीनला उष्णता सोसत नाही, धूळ सोसत नाही, त्याला जपावं लागतं. माझ्या शेजारी इब्राहिमभाई उभा होता. आमचा मेन्टेनन्सचा मेकॅनिक. भट्टी दुरुस्त करून तसाच आलेला, बनियन पिळलं तर बादली भरली असती.

तो म्हणाला, "साहेब, आमाला बी मशीन म्हणून भरती करून घ्या की."

आत जायचं तर पायातलं काढावं लागे. मोठ्या साहेबांनीही बूट काढले. त्यांच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्या दिवशी कंपनीत कॉम्प्युटरपेक्षा त्या भोकाची चर्चा जास्त झाली.

* * *

मग नंबर आले. प्रत्येक वस्तूला नऊ आकडी नंबर. 'मोठा वॉशर' म्हणायचं नाही, नंबर म्हणायचा. मला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. महिन्याभरात मी दोनशे नंबर पाठ केले. सबनीस साहेबांना ते आवडलं नाही, कारण त्यांना स्वतःला वहीत बघावं लागे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "ज्या वस्तूला नंबर नाही, ती सिस्टिमच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही."

झाडूला नंबर द्यायचं राहिलं होतं. आठ दिवस मी कुणालाच झाडू दिला नाही. पोरांनी पोत्यानं कारखाना झाडला. नवव्या दिवशी थंड खात्याचा शिपाई आला. तिथं मशीनला आकडे कळावेत म्हणून जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून पाडून भुसा साठला होता. मी विचारलं, नंबर काय? तो गेला. मग साहेब स्वतः आले. माझ्या पाठीमागं बारा झाडू रांगेत उभे होते, त्यांच्याकडं बोट करून म्हणाले, "सोपानराव, त्यातला एक द्या."

मी मागं वळून नीट बघितलं. "कुठंयत साहेब? अस्तित्वातच न्हाईत."

दुपारी झाडूला नंबर मिळाला. पण माझं नाव त्या दिवशीच त्यांच्या डोक्यात बसलं असणार.

* * *

आता तारेचं सांगतो. पुढचं सगळं त्या तारेवर आहे.

स्टोअरमध्ये आलेली प्रत्येक चिठ्ठी तारेला टोचून ठेवायची, ही पद्धत माझ्या आधीपासूनची. आमची तार इब्राहिमभाईनं बनवलेली. खाली सागाचा ठोकळा, त्यात उभी टोकदार तार, ठोकळ्यावर हिरवा ऑइलपेंट. मालाबरोबर ती कार्डं यायला लागली तेव्हा आम्ही कार्डंही तारेलाच टोचली. कागद म्हणल्यावर दुसरं काय करणार?

सबनीस साहेब कडाडले. त्या कार्डाला चौकोनी भोकं असतात, आणि भोक कुठल्या जागी आहे त्यावरनं मशीन आकडा वाचतं. मोकळ्या जागी एक भोक जास्त पडलं, की एक आकडा जास्त. चाळीसच्या आधी हजाराच्या घरात पाच उमटला तर पाच हजार चाळीस होतील. हे त्यांनी मला फळ्यावर काढून दाखवलं. शिकवलं चांगलं, खोटं कशाला बोलू? आणि तार जप्त करून निघाले.

मी म्हणलं, "साहेब, स्टोअरमधनं वस्तू सहीशिवाय जात न्हाई. नियम तुमचाच हाय."

त्यांनी रागारागानं चिठ्ठीवर सही केली. 'तार, लाकडी ठोकळ्यासह, एक नग.' खाली तारीख. ती चिठ्ठी मी तारेला लावू शकत नव्हतो, तार गेली होती. म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवली.

* * *

मग मोठ्या हॉलमध्ये मीटिंग झाली. भविष्याबद्दल. सबनीस साहेब म्हणाले, पाच वर्षांत कंपनीतला कागद संपेल.

दुसऱ्या महिन्यात मला नटांचा एक आख्खा रॅक रिकामा करायला लावला. कशासाठी? कागद ठेवायला. मशीन रोज गठ्ठाभर छापायचं. वाचायचं कुणी नाही. महिन्याच्या शेवटी भंगारवाला ते वजनावर घेऊन जायचा.

मी कुरुळी गावचा. शनिवारी चाकणच्या बाजारात गेलो आणि भेळ घेतली. पुडीचा कागद बघतो तर आमचाच. कंपनीचा गुप्त स्टॉक, वर शेव. कागदावर एक नंबर होता, पाठ असलेला. मोठ्या बेअरिंगचा. पुढं शिल्लक छापली होती पाच हजार चाळीस.

माझ्या रॅकवर चाळीस होती. मी ती सकाळीच मोजलेली.

सोमवारी तो तेलकट कागद घेऊन थंड खात्यात गेलो. सबनीस साहेबांनी तो चिमटीत धरला आणि परत दिला. "सोपानराव, कॉम्प्युटर चुकत नाही. माणसं चुकतात."

* * *

वार्षिक मोजणी झाली. पाच हजार बेअरिंगं कमी! सबनीस साहेबांनी लेखी अहवाल दिला, त्यात स्टोअरकीपरचं नाव घातलं. मला घरी बसवलं. चौकशी होईपर्यंत पगार नाही, गेटच्या आत पाऊल नाही. बारा वर्षं झाली होती मला नोकरीला. चौकशीत दोषी ठरलो असतो तर नोकरी जाणार, आणि वर चोर हा शिक्का.

एक बेअरिंग दोन किलोचं. मी जायचो यायचो सायकलवर. दहा हजार किलो माल मी सायकलच्या कॅरियरवर नेला, असं शिकलेल्या माणसांचं म्हणणं होतं.

गावात लोक तोंडावर काही बोलत नव्हते. फक्त पारावरच्या एकानं विचारलं, "सोपाननाना, दोन बेअरिंगं आमाला बी द्या, बैलगाडीला घालतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं एकदाच विचारलं, "तुमी न्हाई ना नेली?" त्या प्रश्नाचा राग मला बेअरिंगांपेक्षा जास्त दिवस पुरला.

* * *

चौकशी थंड खात्यातच ठेवली, कारण कार्डं तिथं होती. मोठे साहेब, सबनीस साहेब, मी, आणि कामगारांकडून इब्राहिमभाई. चौघांच्याही वहाणा बाहेर. मोठ्या साहेबांचे मोजे नवे होते.

मी म्हणलं, मला फक्त ते बेअरिंगचं कार्ड बघायचंय. कार्ड काढलं. मी ते ट्यूबलाइटसमोर धरलं. सगळी भोकं चौकोनी. एकच भोक गोल.

मोठ्या साहेबांनी कार्ड घेतलं, गोल भोकातून माझ्याकडं बघितलं.

सबनीस साहेब लगेच म्हणाले, "हेच मी सांगत होतो सर. या लोकांना सवय आहे. स्टोअरमध्ये तारेला टोचलं."

मी पत्र्याचा डबा उघडून चिठ्ठी टेबलावर ठेवली. 'तार, लाकडी ठोकळ्यासह, एक नग.' सबनीस साहेबांची सही. कार्डावरची तारीख त्यानंतरची, तीन आठवड्यांनी.

  इब्राहिमभाई उठला आणि सबनीस साहेबांच्या टेबलाशी गेला. टेलिफोनच्या मागनं त्यानं हिरवा ठोकळा पुढं ओढला. तारेला कँटीनची कुपनं होती, पुण्याच्या बसची तिकिटं होती, आणि वरती तीन कार्डं.

"हात माझाच हाय ह्याला," इब्राहिमभाई म्हणाला. "रंग बी मीच दिलेला."

मोठ्या साहेबांनी ती कार्डं एकेक करून वर काढली आणि उजेडात धरली.

सबनीस साहेब म्हणाले, "ती चेकिंगसाठी वेगळी ठेवली आहेत."

मोठे साहेब मला एवढंच म्हणाले, "उद्यापासून कामावर या." मी तार उचलली. ती स्टोअरची होती. दाराशी पोचलो तेव्हा मागनं सबनीस साहेबांचा आवाज आला. वाटलं, आता येतेय माफी.

"सोपानराव, जाताना दार लावून घ्या. गार हवा जाते."

मी दार सताड उघडं टाकलं.

निवृत्तीच्या दिवशी चिठ्ठीवर सही करून तार घरी आणली; आता ती माझ्या खिडकीत आहे, विजेची बिलं लावतो तिला. बाकी सगळं मिळालं, पगारासकट. माफी तेवढी यायचीय, मधुकर सबनीस यांच्याकडनं.