म्हात्रे सिस्टरांची आमरी

म्हात्रे सिस्टरांच्या स्वयंपाकघरात शिरायचं तर आधी कोपरापर्यंत हात धुवावे लागत. साबणाने, मग स्पिरिटने. पेणला त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले, तर त्या आतूनच ओरडल्या, "थांब गो! आधी हात!" गॅसवर कुकर शिट्ट्या देत होता. मला वाटलं, वरणभात असेल. झाकण उघडलं तर आत जॅमच्या बाटल्या.

सिस्टर रोह्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन पेणला परतल्या तरी रोह्यावरच्या डोंगरातल्या वाडीशी त्यांचं येणंजाणं सुटलं नव्हतं. तिथली जानकी त्यांची जवळची मैत्रीण. एकदा कुणीतरी बंगल्यासाठी जागा मोकळी करताना ऐनाचं जुनं झाड तोडलं. पडलेल्या फांद्यांवर अंगठ्याएवढी रोपं सुकत होती. जानकीने ती सिस्टरांना दाखवली. ती आमरी होती, म्हणजे झाडाच्या सालीवर वाढणारं ऑर्किड. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी पाहून सांगितलं की सह्याद्रीत ही जात आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. सिस्टर म्हणाल्या, "मग सलाइन लावायलाच हवं."

आमरीचं बी पिठासारखं असतं, फुंकर मारली तर उडून जाईल. घरी आणून जगवलेल्या रोपांना फूल आलं की सिस्टर दात कोरायच्या काडीने परागाचा गोळा उचलून दुसऱ्या फुलात ठेवत. शेंग धरली की महिनोन् महिने वाट पाहायची. मग ते बी बाटलीत, चायना ग्रास, साखर आणि शहाळ्याच्या पाण्याच्या खिरीवर पेरायचं. खिरीत बुरशी शिरली की सगळं फेकून द्यायचं. माझ्यादेखत कितीतरी बाटल्या काळ्या पडल्या. मी हळहळले की त्या वैतागत. "रडतेस काय? उकळ परत."

अशी बरीच वर्षं गेली. एवढंएवढं हिरवं दिसू लागलं, त्याची रोपं झाली. ती घेऊन त्या डोंगरावर गेल्या आणि जानकीने झाडांवर चढून सुती दोऱ्याने बांधली. दोन पावसाळे रोपं तगली, तिसऱ्या वर्षी फुलली. त्या दिवशी सिस्टर झाडाखाली बसून राहिल्या. फक्त जानकीला म्हणाल्या, "नॉर्मल झाली गो डिलिव्हरी."

इथपर्यंत सांगताना मला बरं वाटतं. पुढचं मी शक्यतो कुणाला सांगत नाही.

पेणमध्ये एक निसर्गमंडळ आहे. त्याचे अध्यक्ष सिस्टरांच्या मागे लागले, एकदा ते फूल दाखवाच म्हणून. माणूस अडाणी नव्हता. ही जात किती दुर्मीळ, चोरून विकणारे कसे टपलेले असतात, यावर तो स्वतः भाषणं देत असे. त्याला सगळं ठाऊक होतं, हाच माझा राग आहे. सिस्टरांनी त्याच्याकडून वचन घेतलं की जागा कुणाला सांगायची नाही. त्याने फोटो काढले आणि घरी जाऊन मोबाइलवर टाकले. डोंगराचं नाव, वाडीचं नाव, वाट कुठून फुटते तेसुद्धा. शेकडो लोकांनी त्याची वाहवा केली.

थोड्याच दिवसांत जानकीचा फोन आला. आम्ही गेलो तेव्हा झाडांची साल कोयत्याने खरवडलेली होती. एक रोप शिल्लक नव्हतं. सुती दोऱ्याचे तुकडे तेवढे लोंबत होते. सिस्टरांनी सालीवरून हात फिरवला, जखम तपासतात तसा, आणि तिथून थेट अध्यक्षांचं घर गाठलं.

"सिस्टर, लोकांपर्यंत पोचायला नको का?" तो म्हणाला.

"पोचलं ना. लोकांनी खरवडून नेलं."

"मी शुद्ध हेतूनेच..."

"हेतू नाय विचारला. तोंड का उघडलंस?"

त्याने दिलगिरीसुद्धा व्यक्त केली नाही. वर, पुढल्या वार्षिक कार्यक्रमात सिस्टरांचा सत्कार ठेवला! त्या जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. त्या गेल्या. अध्यक्षांनी हसतहसत त्यांना शाल घातली, हातात गुच्छ दिला. बाजारातली जांभळी ऑर्किडं, चकचकीत कागदात. सिस्टरांनी गुच्छ टेबलावर ठेवला आणि माइक ओढला. "माझी पोरं या माणसाने मारली. शाल कशाची देताय मला?" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई भावनेच्या भरात छान बोलल्या, असं वाटलं असावं. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

घरी आल्या आणि कुकर चढवला. बाटल्यांत थोडी रोपं उरली होती. ती मोठी झाल्यावर दुसऱ्याच एका रानात गेली. या वेळी आम्ही तिघीच होतो. कॅमेरा नव्हता.

गेल्या श्रावणात सिस्टर गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी डोळे पुसले. सिस्टरांच्या नावाने प्रकल्प उभारू म्हणाले. सभा संपल्यावर ते आमच्यापाशी आले.

"जानकीबाई, त्यांनी नंतरही रोपं लावली म्हणे, ती जागा फक्त तुम्हाला ठाऊक असणार. एकदा दाखवून ठेवा."

"नाय ठाव," जानकी म्हणाली.

"अहो, तुम्हीच तर बरोबर असायचात!"

"डोंगर लय मोठा हाय, सायेब."

ते माझ्याकडे वळले. माझ्या डोळ्यांसमोर ते रान स्पष्ट उभं होतं, कुठल्या फांदीवर कुठलं रोप आहे तेही.

"मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

"मग सिस्टरांचं सगळं काम थांबेल हो!"

"तुमचं थांबेल," मी म्हटलं आणि जानकीचा हात धरून बाहेर पडले.