हरेश्वरचं नाव मीच घेतलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — देव जाणे.

मी गुन्हेगारीशास्त्र शिकवते. मुलं विचारतात, हे शिकून पुढे काय? मी सांगते — तुरुंगात समुपदेशक व्हा, प्रोबेशन अधिकारी व्हा, बँकांत फसवणुकीचा तपास करा. आणि वर ठासून बजावते, माणसावर शिक्का मारू नका हं! कुठल्या तोंडाने बोलते मी हे?

एम.ए. करत असताना सुट्टीत घरी आले होते, बोईसरकडच्या आमच्या माहीमला. काकांच्या बोटीवरचं नवंकोरं जाळं चोरीला गेलं. घरच्यांना वाटायचं, मी चोर पकडायलाच शिकतेय. काका म्हणाले, "बाय, तू शिकलेली हायस. तूच सांग, कोन असंल?"

आम्हाला तसलं काही शिकवत नाहीत, एवढं म्हणायचं होतं फक्त. पण सगळं घर माझ्याकडे बघत होतं — आणि मला ते आवडलं. म्हटलं, ज्याने आधी चोरी केलीय, त्याच्याकडे बघा. काकांचा खलाशी हरेश्वर पोरवयात एकदा डिझेल चोरताना सापडला होता. मी त्याचं नावही घेतलं. अगदी ठामपणे.

काकांनी त्याला बोटीवरून उतरवलं. चोर म्हणून उतरवलेल्याला आमच्या बंदरात दुसरं कुणी घेत नाही. बायको-पोरीला घेऊन तो सालवडला भाड्याच्या खोलीत गेला, बोईसरच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. नाव कुणी घेतलं, हे त्याला कधीच कळलं नाही.

आणि जाळं? ते माझ्या सख्ख्या दादाने विकलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्याने रडत रडत मला सांगितलं. मी गप्प राहिले. भावासाठी? नाही हो — तसं असतं तर निदान... जाऊ दे. मी चुकले हे कळलं असतं, तर घरात माझं हसं झालं असतं. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी मी एका माणसाला दर्यापासून तोडलं.

यंदा प्रवेशाच्या वेळी हरेश्वर कॉलेजात आला, मुलीला घेऊन. मला बघून केवढा खुलला! "ताय, हिलापन तुमच्यासारखंच शिकायचं हाय. आमी घरात तुमचंच नाव घेतो."

ती वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला.