बसायला एक स्टूल

पुडेवाली पहिल्यांदा संसदेच्या सभागृहात शिरली, तेव्हा दारातून हत्ती आला असता तरी इतकी धांदल उडाली नसती. मंत्र्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले, एका म्हाताऱ्या सभासदाची कवळी दौतीत पडली आणि कुणी चकार शब्द काढत नसताना सभापतींनी "शांतता, शांतता" म्हणून घंटा बडवली. तोवर त्या दारातून बाई आत यायची ती केरसुणी घेऊनच.

ही आली होती बिस्किटांच्या कारखान्यातून. तिथे पुडे बांधायचं काम दिवसभर उभ्याने. बाई पोटुशी असो की पाय सुजलेली, टेकायला साधं स्टूल नाही. ते कायद्याने मिळवून दे, एवढ्याचसाठी बरोबरच्या बायकांनी तिला निवडून दिलं होतं.

पण माननीयांना सभ्यतेचा भारी सोस. बोलायचं असेल त्याने उभं राहायचं, असा तिथला नियम. पुडेवाली उभी राहिली की, बाई उभी असताना आपण कसं बसायचं म्हणून अख्खं सभागृह उठे. मग उभ्या असलेल्यांतून सभापती वयाने ज्येष्ठ असलेल्याला आधी बोलायला सांगत. ज्येष्ठ म्हणजे कवळीवाला. उठलोच आहोत तर म्हणून तो आपल्या संधिवातावर तासभर बोले आणि तिची वेळ संपे. त्यात चार वर्षं गेली.

"आज तरी तोंड उघडलंस का?" शिवणयंत्रावरची मान वर न करता शिंपी नवऱ्याने विचारलं.

"अहो, मान द्यायला उठतात ते."

"मान कसला डोंबलाचा. दमव त्यांना. ऊठ, बस, पुन्हा ऊठ. तुझे पाय कारखान्यात तयार झालेत. त्यांचे लोण्याचे आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने साऱ्या सभागृहाला उठाबशा काढायला लावल्या. पुढचे बाक धापा टाकू लागले, मागचे घाम पुसू लागले. शेवटी ती एकटीच उभी उरली. सभापतींचा नाइलाज झाला. स्टुलाबद्दल ती मनासारखं बोलली.

लगेच स्टुलाच्या विधेयकावर मतं घेतली गेली.

"विधेयकाच्या बाजूने असतील त्यांनी उभं राहावं," सभापती म्हणाले.

पुडेवाली उभी राहिली. तिने आशेने मागे पाहिलं. एक तरुण सभासद उठू लागला, तशी कवळीवाल्याने त्याची बाही खेचली.

"बसा हो. आपण उठलेलं बाईंना आवडत नाही."

विधेयक पडलं. पुढच्या निवडणुकीत तीही पडली आणि पुन्हा कारखान्यात पुडे बांधायला लागली, उभ्याने.