मांडवाबाहेर काढलेल्या चपला

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पलीकडून एका सोसायटीचा वॉचमन हिंदीत भराभर बोलत होता, आणि मला फक्त महेशभावजींचं नाव आणि ‘करंट’ एवढंच कळलं... पिठाचे हात तसेच घेऊन मी रिक्षात बसले. पोचले तोवर भावजींना हॉस्पिटलात नेलं होतं. सोसायटीच्या मांडवात मात्र माघी गणपतीची आरती चालू होती. जिथे माणूस पडला तिथेच उभं राहून लोक टाळ्या वाजवत होते. मला न ओळखणाऱ्या एका बाईने माझ्या हातावर प्रसादाचा शिरा ठेवला. तुपाचा तो वास आला आणि मी रस्त्यावर जाऊन ओकले. हॉस्पिटलात गेले तेव्हा सगळं संपलं होतं.

महेशभावजी माझे धाकटे दीर. रत्नागिरीहून आले ते मीरा रोडला पूनम सागरजवळच्या आमच्या वन रूम किचनमध्येच राहिले. काशीमीऱ्याची गॅरेजं, मीरा रोडच्या बिल्डिंगी, सगळीकडे वायरिंगची कामं करायचे. लग्न केलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात बसून बोलत राहायचे. मी कमी बोलणारी, चौथीपर्यंत शिकलेली, पण ऐकायला मला आवडायचं. आमटीतली स्टीलची पळी हाताला भाजते आणि लाकडी का भाजत नाही, कुकरची मूठ काळी का असते, हे मला त्यांनीच सांगितलं. मासेवाली बर्फावर गोणपाट टाकते, त्याने बर्फ लवकर वितळत असेल असं मला वाटायचं. ते खूप हसले. म्हणाले, “वहिनी, गोधडीत काय शेगडी असते का? ती फक्त आतलं आत ठेवते आणि बाहेरचं बाहेर.” विजेचंही तसंच, म्हणायचे. लोखंडातून, तांब्यातून, ओल्या फरशीतून, माणसाच्या अंगातून ती जमिनीकडे पळते. मध्ये रबर किंवा सुकं लाकूड आलं की अडते. सुकं, हे ते पुन्हा सांगायचे. त्यांच्या कामाच्या चपला वेगळ्या होत्या, जाड रबराच्या. त्या दिसायला इतक्या बेढब, की मी एकदा त्यावरून चिडवलं. तर म्हणाले, “तुमचं मंगळसूत्र, तशा माझ्या या चपला. काम संपेपर्यंत पायातून निघणार नाहीत.”

त्या दिवशी निघाल्या. कशा, ते वॉचमनने मला चार दिवसांनी चपला आणून दिल्या तेव्हा सांगितलं. मांडव लोखंडी पाइपांचा. पूजेसाठी फरशी नुकतीच धुतलेली. दिव्यांची माळ मध्येच बंद पडली म्हणून भावजींना बोलावलं. त्यांनी आधी मेन बंद करायला सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणाले, माइक बंद पडेल, पाहुणे यायची वेळ झालीय. मग भावजी तसेच आत जायला लागले, तेव्हा सगळ्यांसमोर सेक्रेटरींनी त्यांना थांबवलं. मांडवात चपला? देव बसलाय तिथे. “भैया ने एक बार पैर की तरफ देखा, भाभी,” वॉचमन म्हणाला, “फिर हाथ जोड़े और उतार दी.” मला भावजींचाही राग येतो. जगभर सगळ्यांना सांगत फिरले आणि देवापुढे त्यांना नाही म्हणता आलं नाही. माळेचा एक जोड उघडा होता आणि तो पाइपला टेकला होता. भावजींनी आधाराला पाइप धरला...

तेराव्यानंतर सेक्रेटरी घरी आले. चप्पल दाराबाहेर काढून नीट बसले. देवाच्या दारात मरण आलं, नशीबवान माणूस, म्हणाले. मी स्टीलच्या पेल्यात चहा दिला. पेला तापलेला होता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घडी केली, पेल्याभोवती गुंडाळला आणि मग उचलला. फुंकर मारत ह्यांना सांगायला लागले, की पोलिसांना जे खरं तेच सांगितलंय. वायरमन असून अनवाणी काम करत होता, निष्काळजीपणा झाला, सोसायटी काय करणार. मी त्या रुमालाकडेच बघत होते. स्वतःच्या बोटांना चटका बसू नये, एवढं त्या माणसाला बरोबर समजत होतं.

परक्या पुरुषांसमोर मी कधी बोललेली नाही. पण म्हणाले, “चपला तुम्ही काढायला लावल्यात.”

ते ह्यांच्याकडे बघून हसले. “वहिनी, अहो, देवाचं काम होतं.”

“मला वहिनी म्हणू नका.”

चहा अर्धा टाकून ते गेले. मी रडेन, माफी मागेन, याची हे वाट बघत असावेत. मी पेला उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. तेव्हा ह्यांनी विचारलं, “महेशने मेन बंद करायला सांगितलं होतं, हे खरं?” मी वॉचमनचं सगळं सांगितलं. वॉचमन पोलिसांसमोर बोलेल का, माहीत नाही. त्याची नोकरी तिथलीच आहे. “तू बोलशील?” ह्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

उद्या सकाळी पोलीस चौकीत जायचंय. तिथे चार माणसांत माझी जीभ अडखळेल, म्हणून आज हे सगळं आधी लिहून काढलं. भावजी निष्काळजी नव्हते, एवढं एक वाक्य तरी मला न थांबता बोलायचंय. त्यांच्या चपला पिशवीत भरून ठेवल्यात. भरताना उलट्या करून पाहिल्या. टाचेला अजून खूप रबर शिल्लक आहे.