कोरडा नावाडी

माझा धाकटा भाऊ या शहरातल्या मोठ्या तळ्यावर एकेचाळीस वर्षं होडी चालवतो आणि त्याला पोहता येत नाही. हसा. सगळा धक्का हसतो, तुम्हीही हसून घ्या. धक्क्यावर त्याचं नावच 'कोरडा' पडलंय, कारण गुडघ्याच्या वर त्याला पाणी लागलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण एकेचाळीस वर्षांत त्याच्या होडीत एका माणसाचा रुमालसुद्धा भिजला नाही, हेही त्या दात काढणाऱ्यांनी जरा सांगावं.

याला कारण आमची आई. आमचे बाबाही नावाडी, आणि पट्टीचे पोहणारे. मी बारा वर्षांची आणि हा नऊ वर्षांचा असताना बाबांच्या होडीत फिरायला आलेल्या कुणा पाहुणीची टोपी वाऱ्यानं उडाली. बाबांनी मागचापुढचा विचार न करता उडी मारली. टोपी त्याच दिवशी सापडली, बाबा दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून आईनं एकच गोष्ट डोक्यात धरली, की पोहता येत नसतं तर माणसानं टोपी सोडून दिली असती. मला बाबांनी आधीच शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे माझं तिला काही करता येईना. भावाला मात्र तिनं स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. होडी चालव, पण पाण्यात उतरायचं नाही. आणि हा असला गुणी बाळ, की डोक्याचे केस पांढरे झाले तरी ती शपथ पाळत बसला.

मी लग्न होऊन दूर गेले. दोन वर्षांतून एकदा माहेरी येते आणि बाहेरच्या पाहुण्यांसारखीच या शहराकडे बघत बसते. ती तीन तळी, मधल्या बेटावरचा जुना राजवाडा, कोटाच्या भिंतीला टेकलेली दुकानं. उन्हं उतरली की राजवाडा पाण्यात उलटा दिसतो आणि फोटो काढणारी माणसं काठावर गोळा होतात. मीही होते, खोटं कशाला बोलू.

या खेपेला मात्र दारात पिशवी ठेवते न ठेवते तोच वहिनीनं एक कागद माझ्या हातात दिला. तळ्याच्या कार्यालयाचा नवा नियम होता. परवाना पुन्हा हवा असेल तर प्रत्येक नावाड्यानं धक्क्यापासून लाल पिंपापर्यंत पोहून दाखवायचं. ते पिंप म्हणजे पाण्यात साखळीनं बांधलेली खूण, तीस मीटरवर. जमलं नाही तर होडी काठावर. परीक्षेला बारा दिवस उरले होते आणि आमचे बंधुराज एका शाळेत वॉचमनची जागा आहे का ते विचारून आले होते.

वॉचमन! माझ्या डोक्यात तिडीकच गेली. एवढा थोरला गडी, वल्ही मारून मारून खांदे बैलासारखे झालेले, आणि हा फाटकाशी स्टुलावर बसणार? मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, आईची शपथ आहे. मी म्हटलं, आईला मी बघते, तू उद्या पहाटे टॉवेल घेऊन कोटामागच्या लहान तळ्यावर ये.

आला. कमरेपर्यंत पाण्यात गेला आणि त्याची पाचावर धारण बसली. दात वाजवत म्हणाला, "आक्का, केवढं थंड आहे गं. मला वाटायचं, काठाच्या पाण्यासारखं कोमट असेल." एकेचाळीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस! मला हसू फुटलं आणि मग मी त्याचा हात धरला. बाबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, ते मी विसरूनच गेले होते.

पाच दिवस त्याला घासून घेतलं. हात दणकट, पण पाय साफ नालायक. मारायला लागला की भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरायचा. मी हात टेकले. पण एक गोष्ट त्याला पहिल्याच झटक्यात जमली. पाठीवर पडायचं, छाती फुगवायची आणि आकाशाकडे बघत तरंगत राहायचं. तेवढ्यावर तो म्हणाला, बस झालं, परीक्षेला मी दुपारी साडेतीनची वेळ मागून घेतो. तीननंतर तळ्यावरचा वारा धक्क्याकडून राजवाड्याकडे सुटतो, आणि वल्हं न मारता होडी पिंपाशी कशी नि किती वेळात जाते हे त्याला पाठ होतं.

सहाव्या दिवशी घरात स्फोट झाला. आई त्र्याऐंशीची. डोळे जवळजवळ गेलेत, पण नाक शाबूत. जेवताना भाऊ शेजारी बसला आणि तिला त्याच्या केसांना तळ्याचा वास आला. तिनं ताट बाजूला सारलं. दोन दिवस तोंडात पाण्याखेरीज काही घेतलं नाही, कुणाशी अवाक्षर नाही. भाऊ लगेच ढेपाळला, जाऊ दे म्हणायला लागला. मी मात्र तिच्या खाटेशी खुर्ची ओढली.

"आई, बाबा पोहता येत होतं म्हणून गेले नाहीत," मी म्हटलं. "एकटे गेले म्हणून गेले. याच्या वेळी अख्खा धक्का उभा असेल, आणि मी पाण्यात उडी मारायच्या तयारीत असेन. तू त्याला जिवंत ठेवलंस, कबूल. आता त्याचं काम तरी काढून घेऊ नकोस."

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, सगळं मुसळ केरात. पण परीक्षेच्या दिवशी मी चपला घालते तर आई काठी घेऊन दारात तयार.

धक्क्यावर ही गर्दी. नावाडी, पाहुणे, फुगेवाले. परीक्षा घेणारे साहेब तरुण होते, कडक इस्त्रीचे, हातात यादी. भाऊ पायरीवरून उतरला, पाठीवर पडला आणि वाऱ्याच्या हवाली झाला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी म्हणालं, ओंडका चाललाय बघा. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं त्यांच्या घशातच राहिलं. आई माझा दंड धरून एकच विचारत होती, कुठवर गेला? मी सांगत होते, अर्ध्यावर. अजून अर्ध्यावर. आता थोडंच राहिलं. तिची नखं माझ्या हातात रुतली होती. तब्बल बावीस मिनिटांनी त्याचं डोकं पिंपाला लागलं आणि माझ्या जिवात जीव आला.

साहेब म्हणाले, हे काही पोहणं नव्हे, हे वाहत जाणं झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा या. मी नियमाचा कागद त्यांच्या नाकासमोर धरला. मथळा पोहण्याच्या परीक्षेचा, पण खाली 'आधार न घेता पाण्यातून पिंपापर्यंत जाणे' एवढंच लिहिलं होतं. हात-पाय मारायचं कुठं लिहिलंय, वेळ कुठं लिहिलीय, दाखवा म्हटलं. साहेब म्हणाले, नियमाचा अर्थ मी लावतो.

भावानं ते तिथून ऐकलं. जन्मभर कुणाला उलटून न बोललेला माणूस, पिंपाला मिठी मारून ओरडला, "मग मी इथंच आहे. सही झाली की सांगा."

आता गंमत अशी, की पाण्यात माणूस असेल तर धक्क्यावरून एकही होडी सोडायची नाही, हा त्याच कार्यालयाचा नियम. भिंतीवर लाल अक्षरात लिहिलेला. तिकीट काढलेले दीडशे पाहुणे रांगेत चुळबुळायला लागले. बाकीच्या नावाड्यांनी वल्ही खाली ठेवली आणि मुकाट्यानं मांडी घालून बसले. मघाशी शिट्टी मारणारासुद्धा. साहेबांचा चेहरा घामानं डबडबला. शेवटी ते आईपुढे वाकले.

"आजी, तुमचा मुलगा आहे ना? तुमचं ऐकेल तो. त्याला बाहेर यायला सांगा."

आईनं माझा हात सोडला. काठीनं चाचपत धक्क्याच्या अगदी कडेला गेली. मी धावले, पण तिनं मला कोपरानं मागं ढकललं. तिला तो दिसत नव्हता, पाणीही दिसत नव्हतं. राजवाड्याच्या दिशेला तोंड करून तिनं आवाज दिला.

"अरे ए! येऊ नकोस बाहेर. सही होईपर्यंत पाण्यातच राहा. मी इथं उभी आहे."

पिंपाजवळून एक हात वर झाला. मला रडू आवरेना. साहेब खिसे चाचपत होते, तेव्हा डोळे पुसत मीच पिशवीतलं पेन काढून त्यांच्या हातात दिलं.