मिसळायचं ते झाकणावर

अंधेरीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसते ती गोराईहून येते. जेवताना माझी भेंडी तिला हवी असते आणि तिची सुक्या बोंबलाची चटणी मला. पण एकाचं दुसऱ्याच्या डब्यात ती टाकू देत नाही. दोन्हीतलं थोडं थोडं झाकणावर काढते. "मिसळायचं ते झाकणावर रे. डबे राहू देत ना जसेच्या तसे." मला हे जरा अतीच वाटायचं.

परवा मी एका हॉस्पिटलच्या जेवणाचं अ‍ॅप संपवत होतो. साध्या जेवणाच्या पेशंटांची एक यादी, बिनमिठाच्या जेवणाची दुसरी. साहेबांना दोन्ही मिळून एक हवी होती. मी कोडमध्ये 'पुश' ही आज्ञा वापरून दुसरीतली नावं सरळ पहिलीत टाकली. यादी झकास आली. अ‍ॅप दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं.

ती बघायला आली. एकत्र यादीकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. साध्या जेवणाची यादी उघडली आणि म्हणाली, "अरे, हे बिनमिठाचे लोक इथे काय करतायत? स्वयंपाकघर हीच बघून ताटं लावणार ना? यांना मिठाचं जाईल."

ती ओरडली नाही. 'पुश' खोडून तिने 'कॉनकॅट' लिहिलं. तिसरी यादी वेगळी तयार झाली, मूळच्या दोन्ही होत्या तशाच राहिल्या.

दुपारी तिने डबा उघडायच्या आधीच मी माझं झाकण उताणं करून मध्ये ठेवलं.