पेटी गाडीत हाये

आमच्या कॅम्पात पेट्या दोन होत्या, एक माझी आणि एक काकांची. माझी पिवळी, कुलूपबंद. तिच्यात रस्त्याचा भराव किती घट्ट बसलाय ते मोजायचं यंत्र आणि त्या यंत्राच्या पोटात, स्टीलच्या इवल्याशा गोळीत बंद केलेला, किरणोत्सर्गी पदार्थ. काकांची पेटी म्हणजे त्यांची हार्मोनियम. गाणाऱ्या माणसांना हार्मोनियम हा शब्द लागतच नाही.

शेलूबाजारजवळ मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी हे माझं पद ऐकायला भारी होतं, काम मात्र एकच: पेटी या क्षणी कुठं आहे ते मला ठाऊक हवं. देशातल्या अशा प्रत्येक पेटीची मुंबईच्या एका कार्यालयात नोंद असते. कोणी बनवली, कोणाकडे दिली, कुठून कुठं निघाली, काम संपल्यावर बनवणाऱ्याकडे परत पोचली का, सगळं. कारण अशी एखादी भंगारात गेली आणि कोणी फोडली, तर माणसं जिवानिशी जाऊ शकतात. सकाळी कोठडीतून काढायची, जीपमध्ये साखळीनं बांधायची, संध्याकाळी मोजणी करून परत ठेवायची. आई म्हणायची, लग्न झालं तर नवऱ्यावर एवढी नजर ठेवू नकोस, पळून जाईल बिचारा.

काका म्हणजे त्या जीपचे ड्रायव्हर, कामरगावचे. माझ्याइतकेच त्या पेटीला जपणारे. खड्डा आला की आधी गाडी हळू, मग मागं नजर, मग "साखळी हाये ना मॅडम?" दुपारी डबे खाऊन झाले की लिंबाखाली त्यांची पेटी निघायची. गावातल्या गायन पार्टीत ते भीमगीतांना साथ करायचे. आम्हाला ते भाता हलवत नुसतेच सूर धरून बसायचे, आणि समोरून डंपर गेले तरी ते सूर कानाला लागत. त्या दुपारींची आठवण आली की आजही मला काही सुचत नाही. तेव्हा मात्र मी "काका, उशीर होतोय" म्हणून त्यांना उठवायची, इतकी शहाणी.

त्यांच्या गावी विहाराचा वर्धापनदिन होता. काकांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्यांची पेटी तरी न्यायला पार्टीतली दोन नवी पोरं रिक्षा घेऊन कॅम्पावर आली. आम्ही नुकतीच पिवळी पेटी जीपमध्ये ठेवली होती. साखळी लावायची तेवढ्यात चाक पंक्चर दिसलं. काका जॅक लावून चाकाखाली, मी किरणं मोजायचं मीटर आणायला ऑफिसात. पोरांनी विचारलं, "काका, पेटी?" काका खालूनच ओरडले, "पेटी गाडीत हाये, घेऊन जा!"

मी परत आले तर मागची जागा रिकामी. सीटखाली सतरंजीत गुंडाळलेली हार्मोनियम जागच्या जागी. काकांनी सतरंजी उचलली, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

पोरांचे फोन लागेनात. काकांनी चाक बसवून जीप कामरगावकडे काढली. साइटच्या साहेबांना कळवलं तर ते म्हणाले, "आधी शोधा, सापडली तर मुंबईला कळवायचं कामच नाही." मी फोन ठेवला आणि काकांकडे पाहिलं. मुंबईला कळवायचं म्हणजे काकांचं नाव जाणार, नोकरीवर गदा येणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"लावा फोन," काका म्हणाले. "सगळं सांगा. मायं नाव बी सांगा. पेटी बंद हाये तोवर ठीक, पन चाबी तुमच्यापाशी. तथी ते कुलूप तोडतीन ना!"

हे मला सुचलंच नव्हतं. गाण्याची वेळ झाली, पेटीवादक तयार, आणि पेटीला कुलूप, मग कोण थांबतंय? कारंजा गाव ओलांडेपर्यंत मुंबईच्या माणसानं मला शंभर प्रश्न विचारले आणि मी प्रत्येकाला उत्तर देत होते. काका गाडी पळवत होते.

विहारासमोर मांडव. स्टेजवर पांढरी चादर, तिच्यावर माझी पिवळी पेटी, वर झेंडूची फुलं. एकानं हातोडा उचललेला. काका जीप तशीच सोडून धावले.

"हात नोका लावू! मागं सरा, समदे मागं सरा!"

कुलपाला एक पोचा आला होता, पण ते धरून होतं. मी माणसं दूर केली, मीटर धरलं. आकडा रोजचाच. म्हणजे आतली गोळी शाबूत होती. मग लोक घाबरले, चिडले, आणि मला माइकवरून समजावून सांगावं लागलं. पेटीवरच्या तीन पात्यांच्या खुणेकडे बोट दाखवून एक आजी म्हणाल्या, "पंखा नाही तं पंखा काहून काढला वं?" सगळा मांडव हसला. काका हसले नाहीत. हार्मोनियम पोरांच्या हाती देऊन ते पिवळ्या पेटीशेजारी उभे राहिले.

नोकरी राहिली, पण पेटी गेली. साहेबांनी त्यांना पाण्याच्या टँकरवर टाकलं आणि पिवळ्या पेटीला हात लावायला बंदी केली. पगार तोच होता. तरी लिंबाखालचं वाजवणं बंद झालं. "मन लागत नाही," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा. ज्या माणसानं स्वतःचं नाव सांगा म्हटलं, त्याच्यावर विश्वास नाही तर कोणावर?

रस्ता पुरा होत आला तशी पेटी परत पाठवायची वेळ आली. पेटी हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचा अधिकार माझा होता. मी काकांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, परीक्षा घेतली, आणि साहेबांशी भांडून त्यांचं नाव यादीत परत लावलं. परीक्षेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

गाडी आली त्या दिवशी एका बाजूची कडी मी धरली, दुसरी काकांनी. गाडीत चढवली, साखळी काकांनी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. गाडीवाला म्हणाला, "झालं ना? सोडा आता."

काकांनी साखळी सोडली नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, तथी पोचली का मले फोन करजा. कितीबी उशीर होवो, मी जागा हावो."

पोचल्याचं मुंबईहून कळलं तेव्हा मी साहेबांच्या आधी काकांना फोन लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत त्यांनी उचलला.